पितळेचे भांडे आणि पांढरी शी

यकृत दगडासारखे घट्ट होऊन तान्ही मुले दगावत, असा एक विकार एके काळी महाराष्ट्राच्या खेड्यांत होता. पुण्याच्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. टॅनर यांनी १९८३ साली त्याचा संबंध बिनकल्हईच्या पितळी भांड्यात तापवून ठेवलेल्या वरच्या दुधाशी जोडला. त्यातून यकृतात तांबे साचे. आपल्या मंडळींना रुचणार नाही, पण हा निव्वळ दारिद्र्याचा रोग नव्हता. पितळ बाळगणाऱ्या घरांचा होता. लवकर ओळखलेली काही मुले पेनिसिलामिनने वाचली. रोग हटला तो मुख्यतः भांडे बदलल्याने.

आज प्रश्न निराळा आहे. कावीळ १४ दिवसांपुढे टिकली आणि शी पांढुरकी असली, तर पित्तनलिका बंद असल्याची शंका घ्यावी लागते. जपानचे डॉ. कासाई यांची शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत झाल्यास यशाची शक्यता अधिक. एरवी बहुधा यकृतारोपण, म्हणजे लाखोंचा खर्च. तैवानने २००४ पासून शीच्या रंगांचे पत्रक बालकांच्या आरोग्यपुस्तिकेत घातले. येथे ‘कोवळे ऊन द्या’ म्हणत अनेकदा महिना जातो. सहाव्या आठवड्याच्या लसीला बाळ येते, तेव्हा परिचारिकेने शीचा रंग विचारावा, एवढा आदेश आरोग्य खात्याकडून आपण मिळवला पाहिजे.