पदवीआधी प्रयोगशाळा
(संस्थेच्या वार्षिक समारंभात वाई येथे केलेले भाषण)



बक्षिसे मिळवलेल्या सर्व मुलामुलींचे मी प्रथम अभिनंदन करतो. आज मला गुणांपलीकडच्या एका गोष्टीविषयी बोलायचे आहे. आपली मुले बी.एस्सी.च्या वर्गात असतानाच एखाद्या जाणत्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन शिकू शकतील काय, हा माझा विषय आहे.

या विचाराला वाईसारखी दुसरी जागा नाही. येथील प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांच्यापाशी बसून विनोबा शिकले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. ग्रंथ सर्वांना उपलब्ध असतात. पण प्रश्न कसा विचारावा, शंका कशी काढावी, हे गुरूजवळ बसल्यावरच कळते. प्रयोगशाळेचेही तसेच आहे.

कॉलेजातील प्रात्यक्षिकाचे उत्तर जर्नल लिहिण्यापूर्वीच ठाऊक असते. संशोधनात उत्तर कोणालाच ठाऊक नसते. प्रयोग दहा वेळा फसतो. तो का फसला हे वहीत प्रामाणिकपणे नोंदवावे लागते, आणि मार्गदर्शक शेजारी उभा राहून पुढची वाट सुचवतो. पुढे शिफारसपत्र देणाराही तोच असतो. ज्या घरात कोणी पदवीपर्यंतही पोहोचले नाही, त्या घरातील मुलाला अशा माणसाची गरज सर्वांत अधिक असते, आणि नेमका त्यालाच तो भेटत नाही.

याचे एक उदाहरण सांगतो. ओबेद सिद्दीकी यांचा जन्म १९३२ मध्ये उत्तर प्रदेशातील बस्ती जिल्ह्यात झाला. अलीगढला वनस्पतिशास्त्र शिकून ते दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेत गव्हावर काम करू लागले. गारपिटीने त्यांचे प्रयोगाचे पीक झोडपून टाकले. पुढे ग्लासगो येथे ग्वीदो पोन्तेकोर्वो या नामवंत आनुवंशिकीतज्ज्ञाच्या हाताखाली त्यांनी सूक्ष्मजीवांच्या जनुकांचा अभ्यास केला. १९६२ मध्ये होमी भाभांच्या निमंत्रणावरून त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. तेथे १९७७ मध्ये व्हेरोनिका रॉड्रिग्ज नावाची विद्यार्थिनी आली. आईवडील मूळचे गोव्याचे, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनचे. सिद्दीकींच्या मार्गदर्शनाखाली तिने फळमाशीला वास आणि चव कशी कळते याची जनुके शोधण्याचे काम केले, आणि पुढे त्याच संस्थेत ती स्वतः अनेकांची मार्गदर्शक झाली. एका गुरूने दिलेला हात असा पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो.

कोणी विचारील, हे जनुकविज्ञान आपल्या काय कामाचे? आपल्या शरीरातील जनुकांची लिपी सुमारे ३ अब्ज अक्षरांची आहे. त्यातील एखाद्या अक्षराच्या चुकीनेही थॅलेसीमियासारखा रक्ताचा आजार होऊ शकतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहक कोण हे रक्ताच्या साध्या तपासणीने कळते. नात्यातली लग्ने आपल्यात होतात, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल शेजारच्या मराठी कुटुंबांतही आहे. नात्यात असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. हे कोणाला दोष न देता, घरच्या भाषेत, आयाबहिणींना समजावून सांगणारा शास्त्रज्ञ घरचाच असला तर लोक ऐकतात. जीनोमइंडिया प्रकल्पात १०,००० भारतीयांच्या जनुकसंचाचे वाचन झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ती वाचणाऱ्यांत आपली मुले नकोत काय?

सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले की, देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर वर्गात ५० मागे एकच मुसलमान विद्यार्थी होता. म्हणजे संशोधनाचा उंबरठा येतो, तेथेच आपली संख्या निम्मी होते. यावर उपाय नाही असे नाही. अमेरिकेत मेरीलँडच्या बाल्टिमोर येथील विद्यापीठात १९८९ मध्ये १९ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना घेऊन मेयरहॉफ शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. केवळ पैसा न देता एकत्र अभ्यास, उन्हाळ्यात प्रयोगशाळेचे काम आणि सतत पाठीशी उभा असणारा मार्गदर्शक, ही तिची रीत. करोनावरील लशीच्या संशोधनात मोठा वाटा उचलणाऱ्या किझमेकिया कॉर्बेट याच योजनेतून घडल्या.

भाऊराव पाटलांनी सर्व जातिधर्मांची मुले एका वसतिगृहात ठेवून साताऱ्यात जे केले, त्याचेच हे पुढचे पाऊल होय. तेव्हा प्रश्न शाळेच्या दाराचा होता, आज तो प्रयोगशाळेच्या दाराचा आहे.

आपल्याकडेही ही दारे आहेत. देशातील तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन छात्रवृत्ती देतात. त्यात विद्यावेतन व रेल्वेभाडे मिळते आणि कॉलेजच्या शिक्षकांनाही अर्ज करता येतो. टाटा संस्थेचाही असाच उन्हाळी कार्यक्रम आहे. पुण्यात तर आयसर, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र, आघारकर संशोधन संस्था अशा संस्था एस.टी.च्या एका प्रवासावर आहेत. आपल्या मुलांचे अर्जच जात नाहीत, ही खरी अडचण.

म्हणून संस्थेला माझ्या तीन विनंत्या आहेत. एक, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील मुलांचे अर्ज दरवर्षी एका शिक्षकाने बसून भरून घ्यावेत. दोन, विद्यावेतन हाती येईपर्यंत खानावळ व राहण्याची अनामत भरण्यासाठी एक छोटा फिरता निधी ठेवावा. तीन, मुलीला पाठवताना तिच्या राहण्याची जागा संस्थेच्या एखाद्या भगिनीने पालकांसह जाऊन पाहून यावी.

पालकहो, मेडिकलला नंबर लागला नाही म्हणून बी.एस्सी.ला गेलेली मुलगी वाया गेली असे समजू नका. दोन महिने मुलगी दूर राहणार, ही तुमची काळजी मी जाणतो. ती काळजी संस्थेने वाटून घ्यावी. पण परवानगी मात्र तुम्हीच द्यायची आहे. आणि विद्यार्थी मित्रांनो, इंग्रजी अडखळते म्हणून थांबू नका. प्रश्न मराठीत किंवा उर्दूत सुचला तरी तो प्रश्नच असतो.

पुढच्या वर्षीच्या समारंभात बक्षिसांच्या यादीबरोबर, उन्हाळ्यात प्रयोगशाळेत जाऊन आलेल्या मुलामुलींची नावेही वाचली जावोत, एवढीच माझी इच्छा आहे.