सण खावा, डबा मोजावा

बुलढाणा जिल्ह्यात पोळ्यापासून दिवाळीपर्यंत सण एकामागून एक येतात.
पोळ्याला पुरणपोळी.
महालक्ष्म्यांना पुन्हा पुरण.
दिवाळीला करंज्या, अनारसे, चकल्या, शेव.

वजन एका दिवसाच्या जेवणाने वाढत नाही.
ते वाढते फराळाच्या डब्यामुळे.
हा डबा पंधरा दिवस हाताशी असतो.
जाता-येता मूठ त्यात जाते.
म्हणून, सण खावा, डबा मोजावा.

तळताना पदार्थात तेल मुरते.
वजनाला वजन धरले, तर तेला-तुपात पिठा-साखरेच्या दुपटीहून अधिक उष्मांक असतात.
मूठभर शेव दिसते थोडी, पण अंगी लागते लहान भाकरीइतकी.

श्रोतेहो, यावरचा उतारा जिल्ह्यातच आहे.
शेगावच्या संत गजानन महाराजांनी 1910 मध्ये ऋषिपंचमीला समाधी घेतली.
त्यांच्या नैवेद्यात ज्वारीची भाकर, पिठले आणि अंबाडीची भाजी असते.
ऐन पक्वान्नांच्या दिवसांत हा असा साधा नैवेद्य!
ज्वारीत आणि पालेभाजीत तंतू असतात, डाळीच्या पिठात प्रथिने.
पोट लवकर भरते, उशिरा रिकामे होते.
पिठल्याची फोडणी मात्र हात राखून घालावी.

फराळ जेवणाच्या जागी नसावा.
तो वाटीत काढून घ्यावा, आणि डबा फडताळात ठेवावा.
सण खावा, डबा मोजावा.

दिवाळीच्या आसपासचे दिवस सोयाबीन सोंगणीचे.
शेतात राबणाऱ्याला सणाचे ताट पचते.
दुकानात, कचेरीत बसणाऱ्याला तेच जड जाते;
त्याने संध्याकाळी अर्धा तास पायी फिरून यावे.