हिशोब वर जातो, खाली येत नाही

(जुन्नर-आंबेगावच्या, आता पुण्या-मुंबईत राहणाऱ्या तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



परदेशी मदत, बजेट, ऑडिट हे शब्द ऐकले की आपली पोरं जांभया देतात. हे प्राध्यापकांचं काम, आपलं नाही, असं वाटतं. तसं वाटावं म्हणूनच ते अवघड करून सांगतात. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला, १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या तिजोरीवर दुसरा लिहिला. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे पाणी कुणाचं हे विचारण्याआधी त्यांनी पैसा कुणाचा हे विचारलं होतं. आपण मात्र फोटोला हार घालतो आणि बजेट बामणाला वाचायला देतो.

आता आपल्या गावाकडं या. आपल्या दोन तालुक्यांत पाच धरणं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे जुन्नरात आणि डिंभे आंबेगावात. पाचांचा मिळून कुकडी प्रकल्प. १९७० च्या दशकाच्या अखेरीला त्यात जागतिक बँकेचा पैसा आला. त्याला म्हणायचं मदत. मदत कसली? कर्ज! बँकेच्या आयडीए या शाखेची तेव्हाची रीत अशी : फेड ५० वर्षांत, पहिली १० वर्षं मुद्दल मागायचं नाही, वर फक्त पाऊण टक्का सेवाशुल्क. स्वस्तच. पण कुणाला? दिल्लीला. दिल्लीनं तेच पैसे राज्याला दिले ते स्वतःच्या शर्तींवर. ७० टक्के कर्ज, ३० टक्के अनुदान आणि कर्जावर दिल्लीचं व्याज. ही रीत २००५ पर्यंत चालली. राज्य फेडणार करातून. काडेपेटीवर कर, एसटीच्या तिकिटावर कर. ज्याच्याकडं गुंठाभर जमीन नाही तोसुद्धा या कर्जाचा हप्ता भरत आला. त्याला कुणी विचारलं नाही.

डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगाव गेलं. तालुक्याला ज्या गावाचं नाव, ते गावच पाण्यात! महादेव कोळ्यांची भातखाचरं गेली, हिरड्याची झाडं गेली. पाणी कालव्यानं पूर्वेला गेलं. शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, पार करमाळ्यापर्यंत. तिथल्या कोरडवाहू शेतकऱ्याशी आपलं भांडण नाही. तहान त्यालाही आहे. भांडण हिशोब लिहिणाऱ्याशी आहे. किती हेक्टर भिजलं, किती ऊस वाढला, हे जमेच्या बाजूला लिहिलं. उठलेल्या घराची चूल खर्चाच्या बाजूला कुणी लिहिली?

आणि ज्याचं सातबाऱ्यावर नावच नाही त्याचं काय? मोबदला सातबारा बघून मिळतो. दुसऱ्याच्या बांधावर राबणारा, गायरान कसणारा, गावकुसाबाहेर राहणारा कागदावर नव्हताच. म्हणून तो बुडाला तरी कागदावर कुणी बुडालं नाही.

हिशोब ठेवला नाही असं मात्र समजू नका. बँकेला हिशोब चोख जात होता. केलेल्या खर्चाचे कागद दाखवल्याशिवाय बँक पैसे सोडत नाही. किती माती, किती सिमेंट, किती किलोमीटर कालवा, सगळं लिहून. सावकाराला पै न पै आणि जमीन देणाऱ्याला 'उद्या या'. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रानं १९७६ लाच केला होता. विस्थापितांबद्दलचं धोरण बँकेनं १९८० साली लिहिलं. कायदा होता, धोरण आलं. पण ज्यांच्यासाठी आलं त्यांच्या हातात कागद नव्हता.

डिंभ्याच्या जलाशयाला नाव दिलंय हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू आपल्याच तालुक्यातला, महाळुंगे पडवळचा. मुंबईत गिरणीकामगार. १२ डिसेंबर १९३० ला विलायती कापडाच्या लॉरीपुढं आडवा झाला आणि चिरडला गेला. परदेशी माल अडवताना मेलेल्या माणसाचं नाव परदेशी कर्जाच्या प्रकल्पातल्या पाण्याला! नाव देताना यांना काहीच कसं टोचलं नाही?

खालून हिशोब मागता येतो का? येतो. नर्मदेवरच्या सरदार सरोवराला बँकेनं १९८५ साली कर्ज दिलं. अक्राणी, अक्कलकुव्याचे आदिवासी आणि खोऱ्यातले लोक उभे राहिले. बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. १९९२ साली मोर्स समितीनं बँकेलाच दोषी धरलं आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज सोडून दिलं. त्याच वर्षी बँकेला बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ काढावं लागलं. धरण थांबलं नाही, हे खरंय. पण सावकाराला जाब द्यावा लागला.

आफ्रिकेतल्या युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठी सरकारनं सोडलेल्या अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोचत होते. तपासणीत ते उघड झालं. मग सरकारला कोणत्या जिल्ह्याला किती पैसे सोडले हे वर्तमानपत्रांत छापावं लागलं आणि शाळेच्या भिंतीवर आलेली रक्कम लावावी लागली. पोचणारा पैसा वाढला. आकडा आईबापांना दिसला की चोराला अडचण होते.

परदेशी सावकाराला शिव्या घालणं सोपं आहे. घरचा सावकार बघा. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० पासून आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी, हा तिचा नियम. दिल्लीत त्यातले शेकडो कोटी २०१० च्या राष्ट्रकुल खेळांकडं वळवले. महाराष्ट्रात मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी लाडकी बहीण योजनेकडं वळवला. खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी दाखवली. मंत्री नाराज होऊन गप्प बसतो. ज्या पोराची शिष्यवृत्ती अडली त्यानं काय करायचं? बहिणीला पैसे द्यायला आपला विरोध नाही. पण दलिताच्या ताटातली भाकरी काढून का? साखरसम्राटांच्या ताटाला कधी हात लावलात?

म्हणून काम सांगतो. भाषण ऐकून टाळ्या नकोत.

एक. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४. बजेट आणि खर्च न मागता जाहीर करणं हे कार्यालयावर बंधनकारक आहे. तालुक्याला जा, फलकावर लावा म्हणा. लावला नाही तर अर्ज टाका.

दोन. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, जिल्हा परिषदेच्या उत्पन्नातले २० टक्के. गेल्या पाच वर्षांचे आकडे मागा. आपल्या वस्तीत काय झालं ते स्वतः जाऊन मोजा.

तीन. जुन्नर-आंबेगावचा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्र आहे. तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. पैसा खर्च झाल्याचा दाखला ग्रामसभेकडून घेतलाच पाहिजे, असं तो कायदा म्हणतो. अंगठा उमटण्याआधी वही वाचून दाखवायला लावा. आदिवासी पोरांबरोबर बसा. त्यांची खाचरं आणि आपलं गायरान एकाच कलमाच्या फटकाऱ्यात गेलंय.

तुम्ही शहरात शिकलात, कागद वाचता येतो. तो गावात नेऊन मोठ्यानं वाचा. बँकेचा साहेब विचारतो तेव्हा सरकार उभं राहून उत्तर देतं. वस्तीतली म्हातारी विचारेल तेव्हाही ते उभं राहिलं पाहिजे.

जयभीम.