शाळेच्या आवारातील वनस्पतींची नोंद

(रत्नागिरी जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



शाळेचे आवार स्वच्छ असावे, याविषयी दुमत नाही. परंतु पंधरा ऑगस्टपूर्वी आवारातील गवत तासताना त्याबरोबर आणखी काय तासले जाते, याची नोंद आपल्या कोणत्याच दप्तरात नसते. ती ठेवावी, एवढीच माझी आजची विनंती आहे.

आपल्या पुष्कळ शाळा कातळावर किंवा सड्याच्या कडेला उभ्या आहेत. अशा जमिनीला आपण सहज पडीक म्हणतो. जूनमध्ये शाळा उघडते, त्याच सुमारास या पडीक कातळावर दीपकाडीची पांढरी फुले येतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनाशी होतात. डिपकॅडी कोंकॅनेन्स या तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे. पुढे श्रावण-भाद्रपदात सीतेची आसवे फुलतात. त्यांची निळी-जांभळी फुले सर्वांनी पाहिली असतील. पण जमिनीलगतच्या ओलीत या वनस्पतीला सूक्ष्म पिशव्या असतात, त्यांत पाण्यातील बारीक जीव अडकतात आणि ती त्यांवर पोसते, हे मुलांना किती ठाऊक असते? कातळावरची माती पातळ व निकस, म्हणून ही तजवीज. कीटकभक्षक वनस्पतीचे उदाहरण द्यावयास परदेशी जाण्याचे कारण नाही.

आता टाकळा घ्या. पहिल्या पावसातील त्याची भाजी मुलांच्या घरी होते. घाटावरून बदलून आलेले गुरुजी त्यालाच तरोटा म्हणतील. दोन्ही नावे लिहावीत. सायंकाळी त्याची पाने मिटतात, हे मुलांनी स्वतः पाहून तारखेसह लिहावे.

शास्त्रीय नावे येत नाहीत, अशी अडचण काही शिक्षक सांगतात. ती रास्त आहे, पण मोठी नाही. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात देशी नावांनाही स्थान दिले. आपण देशी नावापासूनच आरंभ करावा. शास्त्रीय नावाची जागा कोरी ठेवून महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांकडून ती भरून घ्यावी. वनस्पतीचे नाव, जागा, पालवी, फूल व फळ यांच्या तारखा आणि नाव कोणी सांगितले, एवढे रकाने पुरेत. शेवटचा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावातील वृद्ध स्त्रियांना जी नावे व उपयोग ठाऊक आहेत, ते बहुधा कोठेच लिहिलेले नाहीत, आणि त्यांच्यामागे ते विचारावयास कोणी उरणार नाही.

औषधी उपयोग मात्र ऐकून लिहावेत, करून पाहू नयेत. कळलावी, कण्हेर व गुंजेचे बी विषारी आहे. मुलांना आधी तेच ओळखावयास शिकवावे. रोप उपटू नये, गळलेले पान दाबून वाळवावे.

2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये गावाची लोकजैवविविधता नोंदवही असते. शाळेची वही तिला जोडता येईल. ग्रामसभेत ती मुलांनीच वाचून दाखवावी. तूर्त यंदा गवत तासण्याआधी एक दिवस मुलांना वही देऊन आवारात सोडा, आणि जेथे दीपकाडी आढळेल तेथे चार दगड मांडून ठेवा.