पडद्यावरच्या खिडक्या

संगणकाच्या पडद्यावर ज्या चौकटी उघडतात, त्यांच्याविषयी आज थोडे बोलावयाचे आहे. इंग्रजीत त्यांना ‘विंडो’, म्हणजे खिडकी म्हणतात. पण खिडकीवर खिडकी कशी ठेवणार? म्हणून आधी गुरुजींचे टेबल डोळ्यांपुढे आणा. हजेरीपट उघडा आहे, त्यावर गुणांचा तक्ता, त्यावर नुकतेच आलेले पत्र. खालचा कागद झाकला जातो, हरवत नाही. पडद्यावर असेच चालते. म्हणून त्या मोकळ्या पडद्याला ‘डेस्कटॉप’, टेबलाचा वरचा भाग, असे नाव पडले.

खिडकी हे नावही उगाच नव्हे बरे का! दोनशे मुलांची यादी पडद्यावर एकदम मावत नाही. काही ओळी दिसतात, बाकीच्या वरखाली सरकवून पाहाव्या लागतात. घरातल्या खिडकीतून शेताचा तुकडा दिसतो, पण शेत तेवढेच नसते.

अशा एकीवर एक चढणाऱ्या खिडक्या 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेत, झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात तयार झाल्या. गंमत अशी की, मायक्रोसॉफ्टने 1985 साली ‘विंडोज’ ह्या नावाने जी पहिली आवृत्ती काढली, तिच्यात कामाच्या खिडक्या फरशांसारख्या शेजारी-शेजारीच लागत. एकीवर दुसरी ठेवण्याची सोय 1987 साली, दुसऱ्या आवृत्तीत आली.

आता मुख्य गोष्ट. विंडोजच्या खिडकीला वर उजव्या कोपऱ्यात तीन खुणा असतात : आडवी रेघ, चौकोन आणि फुली. चौकोनाने खिडकी पडदाभर होते. त्याचे विशेष नाही. रेघ दाबली की मात्र खिडकी दिसेनाशी होते आणि नवशिक्याच्या पोटात गोळा येतो. ‘सकाळपासून भरलेले गुण गेले!’ गेले कुठे? पडद्याच्या तळाशी पट्टी आहे, तिच्यावर त्या कामाचे चिन्ह आहे. ते दाबा, यादी होती तशी समोर.

पण तळाशी गेलेली यादी जतन झाली, असे मात्र समजू नका. तेवढ्यात वीज गेली आणि यंत्राला बॅटरी नसली, तर भरलेले गुण खरोखरच जाऊ शकतात. फुलीचेही तसेच. फुली दाबली की यंत्र बहुधा विचारते, बदल जतन करू का? घाईत ‘नको’वर बोट पडले, की मेहनत पाण्यात. म्हणून कंट्रोलची कळ धरून एस दाबावयाचा, पाच-दहा ओळी झाल्या की दाबावयाचा. माझे तर मत असे की, मुलांना चित्रे काढावयास शिकवण्यापूर्वी ही सवय लावावी.

आणखी एक सोय शिक्षकांच्या फार उपयोगाची. जुनी यादी पाहून नवी भरावयाची असेल, तर खिडक्यांची उघडझाक कशाला? जुन्या यादीवर असताना विंडोजची कळ धरून डावा बाण दाबा, नवीवर असताना उजवा. दोन्ही याद्या अर्ध्या-अर्ध्या पडद्यावर शेजारी येतात, आणि नाव एका मुलाचे व गुण दुसऱ्याचे, असा घोटाळा लगेच नजरेस पडतो.