पट्टा आणि प्रसंग
(नियुद्ध वर्गाच्या समारोपातील भाषण)



सुट्टीत मुलीचे नाव कराटेच्या वर्गात घातले, दोन-तीन वर्षांत कमरेला तपकिरी पट्टा आला, प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत लागले, की पालक निश्चिंत होतात. ही निश्चिंती कितपत साधार आहे, हे एकदा तपासले पाहिजे.

१८८२ साली जपानमध्ये ज्युदोची कोदोकान ही संस्था स्थापन करणाऱ्या जिगोरो कानो यांनी 'दान' ही श्रेणी 'गो' या पटावरील खेळातून घेतली. कराटेने ती ज्युदोपासून उचलली. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीचे नाव 'शोदान', म्हणजे आरंभीची पायरी. आपल्याकडे जे शिखर समजले जाते, तो तेथे उंबरठा आहे. विद्यार्थी अभ्यासक्रमात कोठवर आला, एवढेच पट्टा सांगतो.

परंतु याच कानोंनी एक मर्माची गोष्ट केली. जुन्या जुजुत्सूतील घातक प्रकार त्यांनी मुक्त सरावातून वगळले आणि उरलेले डाव विरोध करणाऱ्या भिडूवर पूर्ण जोराने करावयास लावले. या सरावाला 'रांदोरी' म्हणतात. डोळ्यांत बोटे घालण्याचा डाव हवेत हजारदा करणाऱ्यापेक्षा झटापटीत शंभरदा पडून उठलेला मनुष्य प्रसंगी अधिक टिकतो. (तालमीतल्या पैलवानाला हे जपानहून शिकावे लागले नाही, हेही खरे!) अनेक वर्गांत मात्र जोडीदार ठरल्या वेळी ठरलेला हात पुढे करतो आणि मुरगळताच सौजन्याने खाली बसतो. गुंड इतका सुशील नसतो. तो मागून येतो, कधी टोळीने येतो, पुष्कळदा ओळखीचाही असतो. तेथे पंच नाही, गादी नाही. मोठ्याने ओरडणे, अंतर राखणे, संधी मिळताच पळणे, हेही तंत्रच आहे. पळण्यात कमीपणा मानणाऱ्या शिक्षकाकडे मुलींना पाठवू नये.

१६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवछत्रपती भेटीस गेले ते अंगरख्याखाली चिलखत चढवून. जागा त्यांनी निवडलेली होती, रानात सैन्य दबा धरून होते, सोबत जिवा महाला होता. वाघनखांची कथा घरोघरी सांगितली जाते, चिलखताची क्वचित.

आणखी एक गोष्ट पालकांनी शिक्षकांना विचारावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार बचावासाठी आवश्यक तेवढीच इजा करण्याचा अधिकार आहे. हल्लेखोर पळू लागल्यावर सूड म्हणून मारलेली लाथ या अधिकारात बसत नाही. हात कोठे थांबवावा, याचा सराव वर्गात कधी घेतला जातो?