लटका बेडूक

पावसाचा जोर ओसरला, नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागले, की बीदर जिल्ह्यातील कारंजा जलाशयाच्या काठी, मांजरेच्या डोहांवर आणि तिकडे कलबुर्गी जिल्ह्यात भीमा, कागिणा व बेण्णेतोरा यांच्या संथ पात्रांजवळ गळ घेऊन बसलेला एखादा तरी माणूस दिसतोच. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर नांदतात, आणि हे हत्यारही दोघींनी वाटून घेतले आहे. मराठीत तो गळ, कानडीत गाळ. नवख्या मराठी माणसाला तेवढ्यापुरता चिखल आठवतो, इतकेच.

या पाण्यातला गळकऱ्याचा खरा मानकरी म्हणजे मरळ. सापासारखे डोके, अंगावर काळसर पट्टे आणि विलक्षण चिवटपणा. कल्ल्यांखेरीज हवेत श्वास घेण्याचे एक निराळे इंद्रिय या माशाच्या डोक्यात असते. त्यामुळे ठराविक वेळाने त्याला पाण्याच्या पृष्ठभागाशी यावेच लागते. वर आला की तिथे जे हालते त्याच्याकडे त्याचे लक्ष जाते. आणि पाणवनस्पतींच्या कडेने पोहणारा बेडूक हे तर त्याचे आवडते खाद्य. म्हणूनच मरळीसाठी जिवंत बेडूक गळाला टोचून पाण्यावर सोडण्याची रीत पडली. बेडूक तडफडतो, त्या तडफडीने मासा येतो.

ही रीत क्रूर आहेच, पण अव्यवहारीही आहे. तुरीच्या आणि ज्वारीच्या शिवारात किडे टिपणारा हा प्राणी शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आहे. बेडकांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. ज्याला परदेशी धाडायला मनाई झाली, त्याला गावच्या तळ्यात गळावर चढविण्यात शहाणपण ते कोणते? लटका बेडूक घरच्या घरी अर्ध्या तासात होतो, आणि मरळ त्याला फसते.

खोट्या आमिषाची विद्या जुनी आहे. इसवी सन २०० च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसेडोनियातील लोकांची युक्ती नोंदवून ठेवली: गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळावयाची आणि तिला कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसे बांधावयाची. (शुभवर्तमानात पेत्राला जाळे नव्हे, तर गळ टाकावयास सांगितल्याचा प्रसंग संत मत्तयच्या सतराव्या अध्यायात आहे, आमिष कोणते, ते मात्र तिथे लिहिलेले नाही.) पुढे इंग्लंडात फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी १८८६ साली केवळ तरंगत्या माश्यांवर एक ग्रंथच लिहिला. अमेरिकेत जेम्स हेडन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकडाचे बेडूक कोरले. पाण्यावर ‘पॉप्’ असा आवाज करणाऱ्या आमिषाला तिकडे पॉपर म्हणतात.

माशी आणि पॉपर यांच्या तरंगण्यात मात्र फरक आहे. पिसांची माशी पाण्याच्या ताणलेल्या पापुद्र्यावर उभी राहते. कोंबड्याच्या मानेची पिसे ताठ असतात, त्यांचे तंतू चहूकडे पसरून तिला तोलून धरतात. वरून मेणाचा हात फिरवावा. कोंबडीची पिसे मऊ, ती पाणी पितात व बुडतात. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेली वाळवी संध्याकाळी पाण्यावर पडते, तेव्हा लहान रुपेरी माशांसाठी अशी माशी उत्तम. मरळीला एवढासा घास पुरत नाही. तिला पॉपरच हवा, आणि तो स्वतःच्या हलकेपणाने तरंगतो.

त्यासाठी बूच शोधत हिंडावयाचे कारण नाही. झिजलेली हवाई चप्पल पुरते. तिच्या रबरातून सुमारे तीन सेंटीमीटर लांब व दीड सेंटीमीटर जाड असा तुकडा धारदार पात्याने कापावा. मागची बाजू निमुळती करावी, पुढचे तोंड वाटीसारखे किंचित खोलगट कोरावे. सारा आवाज त्या खोलग्यातून निघतो. पोटाला लांबट चीर द्यावी. लांब दांड्याच्या गळावर आधी दोरा घट्ट गुंडाळावा, कारण गुळगुळीत दांड्यावर रबर गरगर फिरते. मग डिंक नव्हे, पाण्यात न सुटणारा चिकटपदार्थ लावून दांडा चिरेत बसवावा. गळाचे नेढे पुढे मोकळे राहिले पाहिजे. सर्वांत मोठी चूक होते ती इथेच: दांडा खोल रुततो, टोक व पोट यांत अंतर उरत नाही, आणि मासा तोंड मारूनही सुटतो. दांडा पोटालगतच ठेवावा.

सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या सुईने आरपार ओवल्या की पाय झाले. शेपटीला कोंबड्याची दोन पिसे. रंगाचा फार विचार करू नये. खालून पाहणाऱ्या माशाला उजळ आकाशावर एक काळी आकृती दिसते. बिदरी कामासारखी काळ्यावर रुपेरी नक्षी काढली, तर ती करणाऱ्याच्या समाधानासाठी.

जलाशयाचा ठेका ज्यांच्याकडे असेल त्यांची परवानगी घेऊन पाण्याशी जावे. पॉपर वनस्पतींच्या कडेला टाकला की ओढू नये. पाण्यावरची वर्तुळे विरू द्यावीत. मग एकच हलका हिसका: ‘बुडुक्’. पुन्हा थांबावे. उतावळा मनुष्य सारखा ओढत राहतो. तसा बेडूक कोणत्याच तळ्यात पोहत नाही. पाणी उसळले तरी दोरी लगेच खेचू नये, हाताला वजन जाणवू द्यावे.

पावसाळ्यात मात्र पाण्यावर कधी तांबूस पिलांचा झुबका खदखदताना दिसतो. ती मरळीची पिले. श्वासासाठी ती सारखी वर येतात आणि त्यांच्याखाली पालक मासा पहारा देत असतो. त्या वेळी पॉपर जवळ पडला, तर भूक नसतानाही तो झेप घेतो. कित्येक गळकरी हीच संधी साधतात. पण पहारेकरी गेला, की इतर मासे काही वेळातच पिलांचा फडशा पाडतात, आणि पुढच्या वर्षी तेच गळकरी तळे रिकामे झाल्याची तक्रार करतात. झुबका दिसला, की गळ पिशवीत घालून दुसऱ्या काठाला जावे, नाही तर सरळ घरी यावे. दुसरी चप्पल कापावयाची राहिलेली असतेच.